सरासरीचे घर

फोंड्याकडच्या आमच्या वाड्यावर पाच घरे आहेत आणि त्यांतली दोन घरे वर्षातले अकरा महिने कुलपात असतात. त्यांची विजेची बिले आमच्याच सोप्यावर ठेवली जातात. त्यामुळे आपले बिल इतरांशी ताडून पाहण्याचा मोह मला आयताच झाला.

महिन्याला आमची २४० युनिटे होतात. देशाचा दरडोई वीजवापर २०२३-२४ साली १३९५ युनिटे होता; त्या हिशेबाने चार माणसांच्या घराला महिन्याकाठी ४६५ युनिटे यायला हवीत, म्हणजे आम्ही फारच काटकसरी ठरलो. हा आनंद फार टिकला नाही, कारण त्या आकड्यात कारखाने, रेल्वे आणि शेतीचे पंपही धरलेले असतात. मग वाड्याचाच हिशेब केला. राहत्या घरांची २४०, १९० आणि ३१०, बंद घरांची ६ आणि ४. सरासरी १५०, आणि आम्ही एकदम उधळे! बंद घरे वगळली तर सरासरी २४७ वर जाते आणि आमची अब्रू वाचते. एकाच बिलावर तीन निवाडे झाले. गोव्यात कुलपे लागलेली घरे किती आहेत हे पाहिले, तर घरामागची सरासरी सांगणाऱ्याला आधी त्यांचे काय केले, असे विचारावेसे वाटते.

१९० युनिटवाल्यांचे मला कौतुक होते. पण त्यांच्या न्हाणीत अजून भाण, म्हणजे पाणी तापवायचे मोठे भांडे, चुलीवर आहे आणि पाणी माडाची वाळकी चुडते, नारळाची सोडणे घालून तापते. आमचा दोन हजार वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो, म्हणजे महिन्याची तीस. उरलेला फरक वीसच युनिटांचा. त्यांच्या चुलीतला जाळ कोणत्याच मीटरवर उमटत नाही. ३१० वाल्यांना मात्र युनिटांपेक्षा रुपये जास्त टोचतात, कारण वरच्या टप्प्यातले प्रत्येक युनिट खालच्यापेक्षा महाग असते.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, महिन्यात आमच्याकडे चौदा माणसे जमतात, विहिरीवरचा पंप आणि नारळ वाटणारा मिक्सर थांबत नाहीत, आणि बिल ३३० वर जाते. त्याच महिन्यात बंद घरेही उघडतात. गेल्या वर्षी पुण्याच्या शेजाऱ्यांना मी फोनवर त्यांचा आकडा सांगितला, तेव्हा ते काळजीने म्हणाले, "बत्तीस? आमची तर नेहमी चारच येतात. मीटर एकदा तपासून घ्याल का?"