जुन्या फोनचे उरलेले आयुष्य

फोन अचानक बंद पडतो तेव्हा नव्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवलेले असतातच असे नाही. अशा वेळी कोणीतरी वापरलेला, दोन-चार वर्षे जुना फोन घेणे हा चांगला मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे. घरातल्या आणि ओळखीच्या मंडळींसाठी असे फोन निवडून देण्याचे काम गेल्या काही वर्षांत आपसूक माझ्याकडे आले आहे. या कामात एक गोष्ट सतत जाणवते. घेणारा विचारतो, ‘फोन किती जुना आहे?’ माझ्या दृष्टीने विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे : हा फोन इथून पुढे किती वर्षे निर्धास्तपणे वापरता येईल? हा प्रश्न आधी विचारला, की पुढची सगळी निवड वेगळ्या रीतीने होते.

फोनचे उरलेले आयुष्य सर्वांत आधी ठरते ते सुरक्षा अपडेटवरून. गूगलने ऑगस्ट २०१५पासून अँड्रॉइडसाठी दरमहा सुरक्षा दुरुस्त्या द्यायला सुरुवात केली. सापडलेल्या त्रुटी बुजवणाऱ्या या दुरुस्त्या निर्माती कंपनी आपापल्या फोनपर्यंत पोहोचवते, पण ठरावीक मुदतीपर्यंतच. मुदत संपली म्हणून फोन बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो, आणि म्हणूनच वापरणाऱ्याच्या काही लक्षात येत नाही. मात्र त्यानंतर सापडलेली प्रत्येक त्रुटी त्या फोनमध्ये तशीच उघडी राहते. ज्या उपकरणावर बँकेचे ॲप आहे आणि ओटीपीही त्यावरच येतात, त्याच्या बाबतीत हे मला चालण्यासारखे वाटत नाही. पुढे काही काळाने ॲपही साथ सोडू लागतात. व्हॉट्सॲपने २०२५मध्ये आयओएस या आयफोनच्या प्रणालीच्या १५.१पेक्षा जुन्या आवृत्त्यांचा आधार काढून घेतला, तेव्हा आयफोन ६ आणि त्याआधीच्या मॉडेलांवर ते चालेनासे झाले, कारण त्या मॉडेलांना ती आवृत्ती मिळणेच शक्य नव्हते.

ही मुदत मॉडेलागणिक किती बदलते, हे एका जोडीवरून स्पष्ट होते. गूगलचा पिक्सेल ६ ऑक्टोबर २०२१मध्ये आला आणि त्याला पाच वर्षांच्या सुरक्षा अपडेटचे आश्वासन होते, म्हणजे ऑक्टोबर २०२६पर्यंत. पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३मध्ये आला, पण त्याला सात वर्षांचे आश्वासन आहे, म्हणजे ऑक्टोबर २०३०पर्यंत. दोन्ही फोनच्या वयात अंतर दोन वर्षांचे आणि उरलेल्या आयुष्यात चार वर्षांचे. सॅमसंगनेही जानेवारी २०२४मध्ये आलेल्या गॅलेक्सी एस२४ मालिकेपासून सात वर्षांचे आश्वासन दिले आहे, परंतु त्याच कंपनीच्या आधीच्या किंवा स्वस्त मॉडेलांना ते तसेच लागू आहे असे गृहीत धरू नये. कंपनीच्या नावावरून अंदाज न बांधता नेमक्या मॉडेलची मुदत त्या कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावी. ही मुदत सहसा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते. विकणाऱ्याने ‘मी गेल्याच वर्षी घेतला’ असे सांगितले आणि ते अगदी खरे असले, तरी मॉडेल तीन वर्षांपूर्वीचे असेल तर त्याची तीन वर्षे संपलेलीच असतात.

फोन हातात आला की अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी. नव्या अपडेटसाठी तपासणी करूनही ती तारीख वर्षभरापूर्वीचीच राहत असेल, तर मग कंपनीच्या आश्वासनाचा विचार करत बसण्याची गरज नाही. आयफोनच्या बाबतीत अंदाज बांधणे तुलनेने सोपे आहे. २०१५च्या आयफोन ६एसला २०२१चे आयओएस १५ मिळाले. २०१८च्या एक्सआर आणि एक्सएसना २०२४चे आयओएस १८ मिळाले, पण २०२५च्या आयओएस २६मधून ते वगळले गेले आणि २०१९चा आयफोन ११ मात्र त्यात टिकला. मुख्य आवृत्ती थांबल्यानंतरही ॲपलने जुन्या फोनसाठी काही काळ सुरक्षा दुरुस्त्या दिल्याची उदाहरणे आहेत, पण तेवढ्या भरवशावर पैसे घालावेत असे मी कोणाला सुचवत नाही.

यानंतर मी एक साधा हिशेब करते. मागितलेल्या किमतीत नव्या बॅटरीचा खर्च मिळवते आणि आलेल्या बेरजेला अपडेटच्या उरलेल्या महिन्यांनी भागते. या हिशेबात अतिशय स्वस्त वाटणारा फोन पुष्कळदा महाग ठरतो, कारण त्याचे सात-आठ महिनेच उरलेले असतात. थोड्या अधिक किमतीचा, पण चार वर्षे उरलेला फोन दरमहा त्याच्या निम्म्यातही पडू शकतो. कोऱ्या पण अगदी स्वस्त फोनशी तुलना करतानाही हाच हिशेब उपयोगी पडतो, कारण स्वस्त नव्या फोनला कधीकधी दोनच वर्षांच्या अपडेटचे आश्वासन असते.

नव्या बॅटरीचा खर्च मी आधीच धरते, याला कारण आहे. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते आणि नुसत्या काळानेही झिजते, त्यातही उष्णतेत अधिक. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांबाबत ॲपलचे म्हणणे असे, की अनुकूल परिस्थितीत ५०० पूर्ण चक्रांनंतर बॅटरीत मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरावी. आयफोन १५पासून हाच आकडा १००० चक्रांचा आहे. चक्र म्हणजे एकूण शंभर टक्के वापर, मग तो एका दिवसात होवो की दोन दिवसांत. रोज जवळजवळ पूर्ण बॅटरी वापरणाऱ्या माणसाची ५०० चक्रे दीड वर्षात होतात. म्हणून तीन वर्षांच्या फोनमध्ये मूळ बॅटरी असेल, तर ती बदलावी लागणार असे धरूनच चालावे. झिजलेली बॅटरी लवकर संपते, शिवाय एकदम अधिक वीज पुरवणेही तिला जमत नाही, त्यामुळे वीस-तीस टक्के शिल्लक दिसत असतानाच फोन बंद होतो. असे बंद होणे टाळण्यासाठी काही जुन्या आयफोनचा वेग आपण कमी करत असल्याचे ॲपलने डिसेंबर २०१७मध्ये मान्य केले, आणि त्यानंतर मार्च २०१८मध्ये आलेल्या आयओएस ११.३मध्ये बॅटरीची कमाल क्षमता सेटिंगमध्येच दिसू लागली. वापरलेला आयफोन पाहताना हा आकडा आधी पाहावा. तो ८०च्या आसपास असेल तर किंमत त्या मानाने कमी करून मागण्यात संकोच बाळगू नये. अलीकडच्या मॉडेलांत बॅटरी किंवा पडदा बदललेला असल्याची नोंदही सेटिंगमध्ये सापडते.

अनेक अँड्रॉइड फोनवर असा आकडा दिसत नाही. तिथे मी पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवते आणि टक्केवारी कशी उतरते ते पाहते. ती एकसारखी उतरली तर ठीक, पण चाळीसवरून एकदम एकतीसवर आली तर बॅटरी थकली आहे असे समजावे. बॅटरी फुगली आहे का, हे पाहण्यासाठी फोन कव्हरमधून काढून सपाट टेबलावर पडदा खाली करून ठेवावा. तो डुगडुगत असेल, पडद्याची कड उचलली गेली असेल किंवा मागचे आवरण मधोमध उंचावले असेल, तर तो फोन घेऊच नये. फुगलेल्या बॅटरीला दाब बसला किंवा भोक पडले तर ती पेट घेऊ शकते, त्यामुळे इथे किमतीचा विचार करण्यात अर्थ नाही.

पडदा तपासायला मी पूर्ण पांढरे आणि पूर्ण करडे असे दोन चित्र जवळ ठेवते. ओएलईडी प्रकारच्या, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः उजळणाऱ्या पडद्यावर वर्षानुवर्षे एकाच जागी दिसलेल्या गोष्टींची छाप कायमची उमटते, आणि ती करड्या रंगावर सर्वांत स्पष्ट दिसते : वरच्या कडेला घड्याळाची आणि बॅटरीच्या चिन्हाची सावली, खाली कीबोर्डच्या ओळी. ही छाप कोणत्याही दुरुस्तीने जात नाही, पडदाच बदलावा लागतो, आणि पडदा हा फोनमधला सर्वांत महाग भागांपैकी एक आहे. स्पर्श तपासण्यासाठी ॲपचे एखादे चिन्ह बोटाने दाबून धरून सगळ्या पडद्यावर सावकाश फिरवावे. ते मध्येच सुटले, तर त्या जागी स्पर्श मेलेला आहे. अनेक सॅमसंग फोनवर डायलरमध्ये *#०*# टाइप केले की पडदा, स्पर्श, स्पीकर आणि कॅमेरा यांच्या चाचण्यांचे पान उघडते, त्याचाही उपयोग करावा.

चार्जिंगच्या खाचेत टॉर्च मारून पाहावे. खिशातले धागे तळाशी दाबून बसलेले असतात आणि त्यामुळे केबल पूर्ण आत जात नाही, ती सैल लागते. खाच खराब झाली आहे असे समजून पुष्कळ चांगले फोन यापायी नाकारले जातात. फोन बंद करून लाकडी काडीने अलगद साफ केले, तर बहुतेक वेळा केबल पुन्हा घट्ट बसते. साफ करूनही केबल हलवताना चार्जिंग तुटत असेल, तर मात्र तो खरा दोष आहे. विकणारा ‘हा वॉटरप्रूफ आहे’ असे सांगेल, त्याकडे लक्ष देऊ नये. पाणी रोखणारे आतले सील काळाने सैल पडतात आणि एकदा उघडलेल्या फोनचा तर अजिबात भरवसा नसतो.

तीन-चार वर्षांपूर्वीचा वरच्या श्रेणीतला फोन आणि आजचा सर्वांत स्वस्त नवा फोन यांत, अपडेटची मुदत सारखी असेल तर, मी जुन्याच्या बाजूने कौल देते. कॅमेरा आणि प्रोसेसर ही कारणे सगळे सांगतात, पण माझ्या मते मोठा फरक स्टोरेजच्या प्रकारात आहे. वरच्या श्रेणीत यूएफएस प्रकारचे वेगवान स्टोरेज असते आणि अगदी स्वस्त फोनमध्ये अनेकदा अजूनही ईएमएमसी हा जुना, संथ प्रकार. ॲप उघडताना किंवा अपडेट होताना फोन अडखळतो, तो पुष्कळदा यामुळेच. स्टोरेज काठोकाठ भरले की कोणताही फोन मंदावतो, म्हणून शक्य असेल तर १२८ जीबी पाहावे.

नेटवर्कची तपासणी लोक विसरतात. अनेक देशांत ३जी बंद झाले आहे किंवा होत आहे, आणि तिथे ४जीवरून कॉल लागण्यासाठी फोनमध्ये व्होल्टीई चालावे लागते. दुसऱ्या देशातून आलेल्या फोनमध्ये ते चालेलच असे नाही. आपले सिम घालून प्रत्यक्ष कॉल करावा आणि बोलणे चालू असताना वरचे चिन्ह पाहावे. ४जी किंवा ५जीऐवजी तिथे ३जी अथवा २जी दिसू लागले, तर फोन कॉलसाठी जुन्या नेटवर्कवर उतरतो आहे.

पैसे देण्यापूर्वीची शेवटची पायरी कोणीही टाळू नये. आयफोनमध्ये २०१३च्या आयओएस ७पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०१५च्या ५.१ आवृत्तीपासून असे संरक्षण आहे, की फोन पूर्ण पुसला तरी तो आधीच्या मालकाचे खाते मागतो. चोरांना आळा घालण्यासाठी ही सोय आहे, पण खाते न काढता विकलेला फोन घेणाऱ्याच्याही उपयोगाचा राहत नाही. म्हणून विकणाऱ्याने आपल्यासमोर खाते काढावे, सेटिंगमधूनच फोन रीसेट करावा, आणि मग आपण भाषा निवडण्यापासून होम स्क्रीन दिसेपर्यंतची सगळी मांडणी तिथेच पूर्ण करावी. मध्येच जुने खाते मागितले गेले, किंवा हा फोन एखाद्या संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आहे अशी सूचना आली, तर व्यवहार थांबवावा. *#०६# टाइप करून दिसणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, बिलावर आणि खोक्यावर छापलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि तो चोरीच्या यादीत नाही ना, हे आपल्या देशात उपलब्ध असलेल्या सेवेवर तपासावे. बिल देता येत नाही म्हणणाऱ्याकडून मी फोन घेत नाही, मग किंमत कितीही कमी असो.

‘रीफर्बिश्ड’ म्हणून, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकल्या जाणाऱ्या फोनला परताव्याची मुदत आणि काही महिन्यांची हमी मिळत असेल, तर त्यासाठी थोडे अधिक पैसे देणे मला योग्य वाटते. मात्र त्यांच्या श्रेण्या बहुधा बाहेरच्या रूपावरून ठरवलेल्या असतात, त्यामुळे बॅटरी बदलली आहे का, हे वेगळे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. परताव्याच्या मुदतीत फोन कपाटात न ठेवता रोजच्यासारखा वापरावा.

अपडेट संपलेल्या काही अँड्रॉइड फोनवर लिनिएजओएससारखी, अँड्रॉइडवरच आधारलेली पण फोन कंपनीची नसलेली प्रणाली घालून त्यांचे आयुष्य वाढवता येते. सायनोजेनमॉड या अशाच आधीच्या प्रणालीचे काम थांबल्यावर डिसेंबर २०१६मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाबद्दल मला फार आदर आहे. तरीही अशा फोनवर बँकेची काही ॲप चालायला नकार देतात, म्हणून ज्यांना एकच फोन सगळ्यासाठी वापरायचा आहे, त्यांना मी हा मार्ग सुचवत नाही.

फोन घरी आला की त्याची अपडेट संपण्याची तारीख त्याच्याच कॅलेंडरमध्ये, सहा महिने आधीच्या आठवणीसह, नोंदवून ठेवावी. ती तारीख आली की बँकेची ॲप आणि मुख्य ईमेल दुसऱ्या फोनवर हलवावीत. त्यानंतरही बॅटरी धड असेपर्यंत तो फोन गाणी ऐकायला, छायाचित्रे काढायला किंवा डाउनलोड केलेली पुस्तके वाचायला वापरता येतो.