पाटीपासून पेठेपर्यंत : आमची वाटचाल

जुन्या नाशिकच्या बाजारपेठा सांभाळणं हा आमचा धंदा आहे. पाट्या, छज्जे, गल्लीतले दिवे, लोंबणाऱ्या वायरी, माल उतरवायच्या वेळा, सणाची रोषणाई, सकाळचा झाडू, आणि दुकानदारांच्या बैठकीचं इतिवृत्तसुद्धा. मेनरोडचा काही भाग, भांडीबाजार आणि रविवार कारंजाच्या आतल्या गल्ल्या आमच्याकडे आहेत. दुकानामागे महिन्याची वर्गणी ठरलेली, पावतीपुस्तक आमच्याकडे कामाला असलेल्या मुलांच्या हातात. हे काम धंदा म्हणून आम्ही उभं केलं, याचा मला अभिमान आहे. मागाहून येऊन ज्यांनी ते आपलं म्हणून दाखवलं, त्यांच्याबद्दलही आज लिहिणार आहे.

सुरुवात पाट्यांची. माझे भागीदार, ज्यांना अख्खी पेठ ‘मास्तर’ म्हणते, ते अक्षर रंगवायचे आणि मी शिडी धरायचो, हिशोब ठेवायचो. मास्तरांच्या पेटीत खारीच्या केसांचे ब्रश, खडूच्या पुडीत लोळवलेली सुतळी, टर्पेंटाइनची बाटली आणि तांबट आळीतून ओतून घेतलेला पितळी ओळंबा. तो ओळंबा अजून रोज वापरात आहे. लेझरची मशीन आमच्याकडेही आहे, पण वाड्याची भिंत पोट काढून उभी असली की लेझरची रेघ खरी असूनही पाटी वाकडी दिसते. तिथे ओळंबा सोडायचा, रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघायचं आणि मगच खूण करायची.

मास्तरांचं दुसरं शास्त्र अंतराचं. मेनरोडवर गिऱ्हाईक समोरच्या बाजूनं चालत येतं, म्हणून तिथे अक्षर मोठं आणि मोकळं. आतल्या गल्लीत माणूस मान वर करतच नाही, तिथे भिंतीला चिकटलेली लांबलचक पाटी वाया जाते. तिथे हवी लहान, दोन्ही बाजूंनी रंगवलेली, भिंतीतून बाहेर आलेली आडवी पाटी. हे आजच्या डिझाइनवाल्या पोरांना सांगितलं तर ते स्क्रीनवर झूम करून दाखवतात. बाबांनो, गल्लीत उभे राहा आधी.

फ्लेक्स आला आणि बरेच पेंटर घरी बसले. आम्ही तगलो ते शिडीमुळे. शिडीवर चढल्याशिवाय शटरच्या वरचं काही दिसत नाही, आणि पेठेची खरी अवस्था तिथेच असते. फुटलेली पन्हाळी, वाड्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ, सात-आठ केबलवाल्यांनी सोडून दिलेल्या मेलेल्या वायरी, कुजलेली तुळई. मास्तर खाली उतरून मालकाला सांगायचे, मालक म्हणायचा, “तेवढं पण बघून टाका की.” असं एकेक करत पाटी राहिली बाजूला आणि गल्ली गळ्यात पडली.

पेठ का ओस पडते, हे मी अनेक सभांमध्ये ऐकलं आहे. प्रत्येक जण कॉलेजरोड, गंगापूररोड आणि मॉलकडे बोट दाखवतो. गाडी लावायला जागा नाही, हे खरंच आहे. पण त्याआधी एक गोष्ट घडली होती. दुकानाच्या वर राहणारी कुटुंबं इंदिरानगर, गंगापूररोडला गेली आणि वरचे मजले गोदाम झाले. वर माणूस राहत नाही, म्हणून रात्री वर दिवा नाही. दिवा नाही म्हणून बायामाणसं आठलाच पाय काढतात, आणि म्हणून दुकानदार साडेआठला शटर ओढतो. त्यात पागडीचं, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेल्या जागांचं दुखणं. भाडेकरू म्हणतो इमारत माझी नाही, मालक म्हणतो भाडं ते किती, दुरुस्ती कशातून करू. दोघांच्या मधे छप्पर गळत राहतं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं पागडीला मान्यता दिली, पण गळक्या छपरासाठी दोघांना एका टेबलावर कायदा बसवत नाही. ते टेबल आम्ही लावतो, चहा आमचा.

भांडीबाजारातले अण्णा हे आमचं पहिलं मासिक गिऱ्हाईक. तांब्या-पितळेचं दुकान, तिसरी पिढी. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला महापूर आला. नदीकाठचा दुतोंड्या मारुती, ज्यावरून नाशिककर पुराची उंची ओळखतात, तो बुडाला, आणि सराफ बाजार, दहीपूल, भांडीबाजार सगळीकडे पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर अण्णांनी दुकानातल्या खांबावर पुराची रेघ इनॅमलनं ओढून घेतली. मास्तरांनीच ओढली ती. बहुतेकांनी पूर आला तसा विसरला, मीटर आणि स्विचबोर्ड पुन्हा होते तिथेच बसवले. आम्ही अण्णांच्या खांबापासून लेव्हल पाइप लावला. पारदर्शक नळी, आत पाणी, एक टोक रेघेवर आणि दुसरं शेजारच्या दुकानात. पाणी नळीत थांबलं की तिथे खूण. दुकानामागून दुकान, गल्लीचा उतार कसाही असो, पाणी खोटं बोलत नाही. एका दुकानात खूण छातीला आली, उताराच्या टोकाला ती डोक्याच्याही वर गेली. तिथला मालक खुणेकडे बघत बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “बोर्ड माळ्यावर घ्या.” त्या खुणेच्या वीतभर वर आम्ही सगळे स्विचबोर्ड नेले. २०१६ ला पूर आला, २०१९ ला आला. आमच्या गल्लीत चिखल झाला, मालाचं नुकसान झालं, पण पाणी उतरल्यावर दिवे त्याच रात्री लागले.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

नोटाबंदी आणि जीएसटी पचवून पेठ जरा सावरत होती. तेव्हा एक योजना आली, सगळ्या दुकानांना एकसारखं रूप द्यायचं. काम बाहेरगावच्या एका फर्मला मिळालं. नाव लिहीत नाही, पेठेत सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे एक लाल हिशोबवही होती. त्यात प्रत्येक दुकानाची नोंद: शटरची रुंदी, पायरीची उंची, वरच्या सज्जाचं लाकूड सागवानी की साधं, मीटर कुठे, मालक कोण, भाडेकरू कोण. कित्येक वर्षांची मेहनत. व्यापाऱ्यांच्या एका पुढाऱ्यानं ती “फक्त बघायला” म्हणून नेली, आणि तिच्या झेरॉक्स त्या फर्मकडे गेल्या.

हे मला कसं कळलं ते सांगतो. ज्या दुकानाची जुनी कोरलेली किंवा हातानं रंगवलेली पाटी राखायची, तिथे मास्तर वहीत गोल काढून मधे टिंब द्यायचे. सभेत त्या फर्मचे लोक पडद्यावर नकाशा दाखवत होते. नकाशावर तेच गोल, तीच टिंबं, त्याच दुकानांसमोर. खुणेचा अर्थ विचारायला आमच्याकडे कुणी आलं नव्हतं, म्हणून त्यांनी तो स्वतःच लावला: दिव्याचा पॉइंट. आणि काम सुरू झालं तेव्हा ज्या पाट्या राखायच्या, नेमक्या त्यांच्यावरच भोकं पाडून दिवे बसवले. लाकडात कोरलेल्या अक्षरांमधून स्क्रू गेलेला मी डोळ्यांनी पाहिला. मास्तर त्या दिवशी कामावर आले नाहीत.

नव्या पाट्या सगळ्या एका रंगाच्या, एका अक्षराच्या. सराफ कोणता, कापडवाला कोणता, लांबून कळेना. नेहमीची गिऱ्हाइकं दुकानासमोरून पुढे जाऊन परत येऊ लागली. चुन्यातल्या जुन्या विटांमध्ये त्यांनी फास्टनर ठोकले. चुना मऊ, फास्टनर आत फुलला की वीटच तडकते. तिथे आरपार बोल्ट घ्यावा लागतो नाहीतर तुळईला क्लॅम्प, हे आमच्या सगळ्यात लहान पोरालाही माहीत आहे. पहिल्या पावसात पत्र्याच्या मागे पाणी साठलं, एलईडी दिव्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर जळाले आणि अर्धी गल्ली काळोखात. त्या फर्मचा फोन लागेना, म्हणून फोन आम्हाला. शिव्याही आम्हालाच, कारण पेठेत शिडी घेऊन फिरणारे आम्हीच.

आणि आमची अवस्था काय होती? “आता सगळं सरकारी खर्चानं होतंय” म्हणून वर्गणी बंद. दिवाळीच्या रोषणाईसाठी पेठेच्या शब्दावर अंबडच्या व्यापाऱ्याकडून उधार उचललेल्या मालाचे पैसे थकलेले. ‘छोटा हत्ती’ टेम्पो विकला. पोरांचे पगार थकले तेव्हा मास्तर आडगाव नाक्यावर ट्रकच्या मागच्या फळ्या रंगवायला जाऊ लागले आणि ते पैसे पोरांच्या हातात ठेवू लागले. फर्म बंद करायचा कागद मी तयार करून ठेवला होता.

अण्णांनी त्यांच्या दुकानाला नवी पाटी लावू दिली नव्हती. “वडिलांच्या वेळची पाटी आहे, ती उतरणार नाही,” एवढंच त्यांनी सांगितलं होतं. एका संध्याकाळी त्यांनी मला दुकानात बोलावलं आणि वर्षाची वर्गणी एकरकमी पुढे ठेवली. मग शेजारच्या पाच-सहा दुकानदारांना हाक मारून म्हणाले, “रात्री दिवा गेला तर कोण येतं, ते सांगा मला.” त्यांनीही काढून दिले. बंद पडलेले दिवे आम्ही दुरुस्त केले, पण रीतसर बिल करून. फुकट केलेलं काम पेठेत दिसत नाही, हे तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो.

नंतर टाळेबंदी. दुकानांसमोर रांगेचे गोल रंगवून आम्ही दिवस काढले. २०२१ च्या मार्चअखेरीस मेनरोडसारख्या बाजारांत शिरायला, गर्दी रोखण्यासाठी, तासाला पाच रुपयांची पावती होती. दुकानदार वैतागले होते, पण मी त्यांना म्हटलं, पेठेत किती माणसं येतात हे आता तरी मोजा. आमच्याकडे माणसं मोजायचं बटनवालं यंत्र पूर्वीपासून होतं, शनिवारी संध्याकाळी आमची मुलं पेठेच्या तोंडावर उभी राहून मोजतात. किती आले, किती जणांच्या हातात पिशवी होती. या दोन आकड्यांतला फरक कळला की भाषणं ऐकायची गरज उरत नाही.

२०२२ मध्ये दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाही असं ठरलं. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा इथलेही धावत आले. मास्तरांच्या हाताला पुन्हा मागणी आली. त्या पैशातून अंबडची उधारी फिटली आणि नवी गाडी घेतली.

नव्या दुकानदारांना काही गोष्टी सांगतो. आपल्याच पायरीसमोरची जागा भाडं घेऊन फेरीवाल्याला देऊ नका. त्याला त्याची हक्काची जागा २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं मिळायला हवी, ती त्या कायद्याखालच्या पथविक्रेता समितीत मागा, त्याच्या बाजूनं मागा. तो असला तर रस्त्यावर गर्दी राहते, त्याला हाकलून पेठ श्रीमंत झाल्याचं मी कुठे पाहिलेलं नाही. माल सकाळी दहाच्या आत उतरवा. शटर ओढल्यावर बाहेरचा एक दिवा चालू ठेवा, एलईडीला वीज ती कितीशी लागते. दिल्लीच्या चांदनी चौकात २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ गाड्या बंद आहेत. आपल्याकडे विषय निघाला की धंदा बसेल म्हणून ओरड होते. निदान दिवाळीच्या आधीचे दोन रविवार तरी करून बघा, मोजायला आम्ही उभे राहतो. आणि वर्गणीला दंड समजू नका. कॅनडात टोरांटोच्या ब्लूअर वेस्ट व्हिलेजमधल्या दुकानदारांनी १९७० मध्ये आपल्याच पेठेसाठी स्वतःवर कर लावून घेतला. वसुली नगरपालिकेची, खर्च दुकानदारांच्या मंडळाचा. वसुलीला पालिका असल्यामुळे तिथे कुणाला “पुढच्या महिन्यात बघू” म्हणता येत नाही. आमच्याकडे ते वाक्य रोज ऐकावं लागतं.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, हे जुन्या नाशिकमधला माणूस विसरू शकत नाही. म्हणून पायऱ्या, पुढे आलेले ओटे, डोक्याला लागणारे छज्जे आणि रस्त्यात ठेवलेले स्टँड यांची नवी नोंदवही आम्ही करतो आहोत. या वेळी तिच्या झेरॉक्स कुणाला मिळणार नाहीत. जुनी फर्म पुन्हा नाशिकमध्ये फिरते आहे आणि त्यांच्या पुस्तिकेत भांडीबाजाराचा फोटो आहे, अण्णांच्या पाटीसकट. तो फोटो मी व्यापाऱ्यांच्या बैठकीत दाखवला आणि विचारलं, यातली यांनी लावलेली पाटी कोणती?

तांबट आळीतल्या कारागिरांशी बोलणं चालू आहे. त्यांना पाटी नको, ठोक्याचं काम रस्त्यावरून दिसेल अशी उघडी पुढची बाजू हवी आहे, आणि ते बरोबर आहे. मास्तरांनी माप घेतलं आहे. वर्गणीचा आकडा ठरला की श्रावणाआधी काम धरू.