वाळूवरचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं खरं, पण मुक्कामाला पोचल्यावर विंचवाला ते सपाटीत आणत बसावं लागत नाही. आरव्हीवाल्याला, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन फिरणाऱ्याला, लागतं. त्यात मुक्काम नेब्रास्कातल्या लेक मॅकॉनहीच्या वाळूवर असेल, तर पहिला तास त्यातच जातो.

ओगालाला गावाच्या उत्तरेला, नॉर्थ प्लॅट नदीवर 1941 साली किंग्जली धरण पुरं झालं. त्याच्या मागे वीसेक मैल पसरलेलं हे तळं, पूर्ण भरलं की तीस हजार एकर. डेन्व्हरकडून साडेतीन तासांत पोचता येतं, त्यामुळे तिथल्या मराठी मंडळींना समुद्राची तहान भागवायला हे बरं पडतं. पण पाणी साठवलंय ते शेतीसाठी. आपण तिथले पाहुणे. उन्हाळ्यात खालच्या खोऱ्यातल्या मक्याला पाणी सुटलं की तळं उतरू लागतं. उजनीचं पाणी ओसरलं की गाळपेर जमीन उघडी पडते, तशी इथे वाळू उघडी पडते; फक्त तिच्यावर पेरणीऐवजी तंबू उगवतात. उतार पन्नासाला एक असेल तर पातळी एक फूट उतरली की पाणी पन्नास फूट लांब जातं. म्हणून मे महिन्यातले फोटो बघून ऑगस्टचा बेत करू नये. रोजची पातळी जाहीर होते, ती बघून निघावं. गर्दीच्या दिवसांत जागा आधी राखून ठेवावी आणि गाडीचा पार्क परमिटही विसरू नये.

पांढरी, मऊ वाळू आहे ती उत्तर किनाऱ्यावर. तिथे गाडी रुतण्याचं कारण बहुतेकदा एकच: टायरमधली हवा. डांबरी रस्त्यावरची 35 पीएसआय हवा घेऊन वाळूत शिरलं की टायर सुरीसारखा खाली जातो. साध्या एसयूव्हीची हवा 18 ते 20 पर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि भार वाटला जातो. मग वेग सावकाश, वळण मोठं, आणि मऊ जागी थांबायचं नाही. रुतलंच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये. चाक जितकं फिरेल तितका खड्डा खोल. चाकांमागची वाळू फावड्याने काढा, फळ्या सारा आणि आलेल्याच चाकोरीतून मागे या. सगळ्यात फसवी असते पाण्यालगतची ओली पट्टी. वरून ती फरशीसारखी घट्ट दिसते, पण खाली वाळू पाण्याने भरलेली असते आणि ट्रेलरचं वजन आलं की ती सोडून देते. आधी चालत जाऊन टाच मारून बघावं. टाचेभोवती पाणी जमलं तर मागे फिरावं.

जागा मिळाली की आधी आडवी पातळी बघायची. जे चाक खाली आहे त्याखाली ठोकळे, मग चाकांना अडण्या, मगच गाडीपासून ट्रेलर सोडायचा. पुढची-मागची पातळी त्यानंतर पुढच्या जॅकने. जॅकच्या पायाखाली दोन फुटी प्लायवूडचा तुकडा हवाच, नाहीतर सकाळपर्यंत नाक वाळूत. कोपऱ्यांचे आधार शेवटी टेकवावेत. ते हलणं थांबवायला असतात, उचलायला नव्हे. उचलायला वापरले की वाकतात. एवढा खटाटोप पलंगावरून घरंगळू नये एवढ्यासाठीच नाही. गॅसवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये अमोनिया उताराने वाहतो. गाडी कललेली राहिली की तो मध्येच साचतो, दूध नासतं आणि पुढे फ्रिजही बाद होतो.

वाळूवर नळ नाही, वीज नाही. शंभर लिटर पाणी भरून नेलं म्हणजे शंभर किलो वजन वाढलं, हे धरूनच ट्रेलर ओढावा. वीज हवी असेल तर वर विजेच्या जागा आहेत. तिथल्या 30 अँपियरच्या जोडणीवर 120 व्होल्टने 3600 वॉट मिळतात. एसी पंधराशे खातो, इंडक्शन शेगडी अठराशे. त्यात कोणी पोह्यांआधी चहाची किटली लावली की खटका पडला. आपल्याकडच्या न्याहारीचा थाट बघता गॅसची शेगडी बरी.

तंबूवाल्यांचं दुःख वेगळं. दुकानातल्या तारेच्या खुंट्या या वाळूत वाऱ्याच्या दोन झोतांत निघून येतात. त्याऐवजी कापडी पिशवी वाळूने भरून तोंड बांधावं, दोरी तिच्या मध्यावर बांधावी, ओढीला आडवा असा दीड फूट खोल चर काढून त्यात पुरावी आणि वरून वाळू पायाने दाबावी. हे हाताने उपसून निघत नाही. बुटका घुमट तंबू टिकतो. उभ्या भिंतींचा ऐसपैस तंबू फक्त खोक्यावरच छान दिसतो. तळाला जाड ताडपत्री घालावी, कारण वरच्या गवतात सराट्यासारखे काटे असतात. ते तळव्यात घुसतात आणि हवेच्या गादीला तर हमखास.

दुपारी पश्चिमेकडे ढग काळे होऊ लागले की आवराआवर लगेच. आरव्हीच्या बाजूला उघडणारं कापडी छत, म्हणजे ऑनिंग, जागेवरून हलताना गुंडाळूनच ठेवावं. एका झोतात दांड्या पिरगळून गाडीच्या छपरावर जाऊन पडलेलं ऑनिंग इथे नवीन नाही. वीज चमकत असताना तंबूत थांबू नये, पक्क्या छताच्या गाडीत बसावं.

शेकोटी विझवताना वाळू टाकू नका. वाळूखाली निखारे तासन्‌तास गरम राहतात, वरून काही दिसत नाही आणि अनवाणी पोर त्यावर धावतं. पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, हात लावून बघा.

दोरीने वेढलेला वाळूचा तुकडा दिसला तर तिकडे फिरकू नये. पायपिंग प्लोव्हर नावाचा चिमुकला पक्षी तिथे उघड्या वाळूत अंडी घालतो. अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पक्ष्याने पंख मोडल्याचं सोंग करून तुमच्यापुढे फरफटत जायला सुरुवात केली, तर घरटं जवळच आहे असं समजा आणि आलात तसे परत जा.

निघताना सांडपाणी सोडायच्या जागी आधी काळ्या, म्हणजे संडासाच्या, टाकीची झडप उघडायची, ती रिकामी झाल्यावर राखाडी, म्हणजे धुण्या-आंघोळीच्या पाण्याच्या, टाकीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाईप धुऊन निघतो. रविवारी सकाळी अकराला तिथे रांग असते, नऊला नसते. ओमाहाहून आलेल्यांनी घड्याळ तासाभराने मागे केलंय ना ते बघावं. तळ्याचा हा भाग माउंटन टाइममध्ये येतो, ओमाहाच्या एक तास मागे. आणि 80 नंबरच्या हायवेला लागण्याआधी कंप्रेसर काढून टायरची हवा पुन्हा 35 वर आणावी. 18 पीएसआयवर ताशी 75 मैल धावलं की टायर तापतो, आणि फुटतो.