होजच्या दुसऱ्या टोकाला

आमच्या चर्चच्या मंडळीतला एक जण शेजारच्या तालुक्याच्या गावी अग्निशमनच्या बंबावर चालक आहे. फेब्रुवारीत त्याचा फोन आला. "पास्टर, एकदा येऊन जाता का? प्रार्थना नका करू हवं तर. पण इथं कोणीच कोणाशी बोलंना झालंय." त्यांच्यातला एक फायरमन जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आगीत गेला होता. राख सावडून झाली होती, पुढारी येऊन फोटो काढून गेले होते. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, त्या माणसांना तिथंच नोकरी करायची आहे.

मी जालन्यात पाळक आहे. जालन्याला ख्रिस्ती माणूस नवा नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकातच इथं काम उभं केलं, जवळच बेथेल गाव वसवलं. तरीही पांढरी कॉलर लावून सरकारी आवारात शिरलं की हल्ली लोक वळून बघतात, हा कशाला आला म्हणून. त्यांचंही पूर्ण चुकतं असं नाही. दुःखाच्या घरी पत्रकं वाटत फिरणारे आमच्यातले काही मला ठाऊक आहेत. कॉलर घरी ठेवली, पवित्र शास्त्र मोटारसायकलच्या डिकीत टाकलं आणि निघालो.

चालक फाट्यावर थांबला होता. तिथंच चहा घेताना त्यानं आगीचं सांगितलं. जिनिंगमध्ये कापसाबरोबर एखादा खडा नाहीतर खिळा रोलरपर्यंत गेला की ठिणगी उडते. कापूस भडकतो त्यापेक्षा धुमसतो जास्त. वरून मारलेलं पाणी वरच्या थरातच मुरतं, आतला विस्तव तसाच राहतो. म्हणून गठाणी एकेक ओढून, फोडून भिजवाव्या लागतात. ज्वाळा विझल्यावरही कूलिंग तासन् तास चालतं, कधी दुसरा दिवस उजाडतो. आणि ओला कापूस फुगतो, जड होतो, भिंतीला आतून रेटायला लागतो. गोदामाची जुनी भिंत अशीच गेली, आग आटोक्यात आल्यावर. पंचनाम्याला आलेल्या लोकांना हेच समजत नव्हतं, आग विझली होती तर माणूस मेला कसा.

फायर स्टेशनवर पोचलो. साहेबांनी केबिनमध्ये खुर्ची दिली. मी बाहेर बंबाशेजारच्या बाकावर बसतो म्हणालो. टेबलावर गेलेल्याचा फोटो, हार, उदबत्ती. घराणं वारकरी, गळ्यात तुळशीची माळ फोटोतही दिसत होती. मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच होतं. माणसं आधीच कमी, त्यात एक गेला, म्हणून त्याची ड्युटी बाकीच्यांनी वाटून घेतली होती. घरी मयत झालं तर निदान दहावा-तेरावा होईपर्यंत माणूस दाराबाहेर पडत नाही. इथं भिंत पडली त्या रात्रीही दुसऱ्या आगीची वर्दी आली असती तर हेच निघाले असते.

लष्करात पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री असे धर्मगुरू रीतसर नेमलेले असतात. अमेरिकेत अनेक अग्निशमन दलांतही पाळक असतो. न्यूयॉर्कच्या दलाचे फादर मायकल जज 11 सप्टेंबर 2001 ला जवानांबरोबरच उत्तर मनोऱ्यात होते आणि तिथंच गेले. त्या दिवशी त्या दलाची 343 माणसं गेली. आमच्याकडे असं पदच नाही. त्यामुळे मी तिथं नेमका कोण म्हणून बसलोय, हे त्यांना कळत नव्हतं आणि मलाही सांगता येत नव्हतं. एकानं विचारलं, "फादर, काही प्रोग्राम आहे का?" आम्ही प्रोटेस्टंट, मला बायको-मुलं आहेत, पण मराठवाड्यात चर्चमधला माणूस तो फादरच. नाही म्हटलं, प्रोग्राम काही नाही.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत, असं शास्त्रात आहे. त्यांनी तोंड उघडलं तिथून पुढं सगळं बिघडलं. मी हे सेमिनरीतल्या कुठल्याही धड्यापेक्षा जास्त मानतो. "देवाला चांगली माणसं आवडतात" हे वाक्य तर मी मयताच्या घरी कधीच बोलत नाही. ते ऐकून कोणाला बरं वाटलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

बाकासमोर अग्निशमन सेवा सप्ताहाचा जुना फलक होता. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, त्यात गेलेल्या 66 जवानांच्या आठवणीचा. साहेब म्हणाले, "आमच्याकडं 14 एप्रिल म्हणजे भीमजयंती. सकाळी दोन मिनिटं उभं राहायचं आणि लगेच मिरवणुकीच्या बंदोबस्ताला बंब न्यायचा." तेवढंच बोलून ते आत गेले.

दुपार कलताना वॉचरूमचा फोन वाजला. कडब्याची गंजी पेटली होती. पुढच्या मिनिटाला बाक रिकामा. चालक माझा माणूस, पण त्यानंही माझ्याकडं पाहिलं नाही, स्टार्टर मारला आणि गेला. मी वॉचरूमवाल्याबरोबर बसून राहिलो.

परत आले तेव्हा दिवस बुडाला होता. तोंडं काळी, अंगाला जळक्या कडब्याचा वास. बंबात पाणी भरायचं, होज, म्हणजे पाण्याचे लांब पाइप, धुवायचे, वाळत टाकायचे, कोरडे रोल करून ठेवायचे. पुढच्या वर्दीची तयारी झाल्याशिवाय चहा नाही. एका पोराबरोबर होज धरायला कोणी नव्हतं. मी उठून दुसरं टोक धरलं. तो म्हणाला, "राहू द्या, पॅन्ट खराब होईल." होऊ दे म्हटलं.

ब्रश मारता मारता, खाली बघतच तो बोलायला लागला. "त्या दिवशी ब्रांच, होजचं तोंड, माझ्या हातात होती. दादा आले, म्हणले, तू जा, चहा पिऊन ये, मी धरतो. मी म्हणलं, तुम्हीच जा आधी. म्हणले, जा रे, लेकरू आहेस." पुढं बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज. मग, "फादर, ती जागा माझी होती. मी काही पाप केलं होतं का, का त्यांनी केलं होतं? लोक तर म्हणतात नशिबात असतं."

आता मात्र गप्प बसणं बरोबर नव्हतं. मी त्याला शिलोहाच्या बुरुजाचं सांगितलं. यरुशलेमात बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा येशूनं विचारलं, हे अठरा बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. त्यापुढं पश्चात्तापाचं वाक्य येतं. ते मी त्याला सांगितलं नाही. कोणी पाळक हे वाचून नाराज होईल तर होवो, होज धुताना मला तेवढाच भाग पुरेसा वाटला.

"म्हणजे भिंत पडली ती भिंतच होती?" त्यानं विचारलं.

"ओल्या कापसानं रेटलेली भिंत होती," मी म्हणालो. "ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

तो रडला, आणि त्यानंतर शेजारी होज पिळणारा दुसराही रडला. मग ती माणसं गेलेल्या दादाबद्दल बोलायला लागली. तो शिड्यांना नावं ठेवायचा, आषाढीला रजा मिळाली नाही की आठ दिवस तोंड फुगवायचा, उसने पैसे परत मागायचा नाही. कोणीतरी हसलंही. प्रार्थना शेवटी साहेबांनीच करायला सांगितली. मी छोटी केली, आणि मग त्यांच्यातल्याच एकानं पसायदान म्हटलं, तेही सगळ्यांनी हात जोडून ऐकलं.

गेलेला माणूस कंत्राटी होता, हे मला निघताना कळलं. ठेकेदारानं घरच्यांना सांगितलं होतं, आमच्याकडून काही मिळत नसतं. आमच्या मंडळीतल्या वकिलाला मी रात्रीच फोन लावला. तेव्हा 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होता. माणूस ठेकेदाराचा असला तरी ज्याचं काम चाललं होतं त्या मुख्य मालकाकडंही त्यात दावा लावता यायचा, आणि तो मृत्यूपासून दोन वर्षांत करावा लागायचा. पुढच्या खेपेला मी हजेरीपत्रकाच्या झेरॉक्स मागायला गेलो. पोरांनी स्वतःच काढून ठेवल्या होत्या.

चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीत माझ्या या फेऱ्यांवर चर्चा झाली. एका वडीलधाऱ्या सभासदानं विचारलं, तिथून चर्चला कोणी आलं का? नाही म्हणालो. होज धुतले, असं सांगितल्यावर दोघं हसले. शेवटी पेट्रोलचा खर्च मंजूर झाला, 'इतर' या सदराखाली.