सर्वपित्रीचं पान

आमच्याकडे पणजोबांचं पान सर्वपित्रीलाच वाढतात, कारण ते कुठल्या तिथीला गेले हेच कुणाला माहीत नाही. पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याच्या लढाईत गेले' एवढंच घरात सगळे सांगतात, आणि आमच्या गावाकडे बसरा म्हणजे आख्खं मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, त्यामुळे त्यातून कळत काहीच नाही.

२०१३ मध्ये बहिणीकडे लंडनला गेले होते. आठ दिवसांतले सात सगळे बघतात ते बघण्यात गेले. आठवा दिवस मी पणजोबांचा शोध घ्यायला क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजसाठी, म्हणजे तिथल्या सरकारी दफ्तरखान्यासाठी ठेवला होता. डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशन, पुढे दहा मिनिटं चालत. ओळखीचे दोन पुरावे दाखवले की रीडर्स तिकीट फुकट मिळतं, पेन आत न्यायचं नाही, पेन्सिल चालते. कशासाठी हवंय हे कुणी विचारलं नाही, बॉक्स समोर आला. इकडे एका कार्यालयात मी तीन हेलपाटे घातले होते आणि तिन्ही वेळा 'रेकॉर्ड नाही' एवढंच तोंडी ऐकलं होतं, त्यामुळे त्या खुर्चीत बसल्यावर बरं वाटलं आणि आपल्या लोकांचा रागही आला.

तयारी म्हणाल तर एकच केली होती. काकांनी पणजोबांचं पदक भिंगाखाली धरून कडेवरची अक्षरं मला फोनवर वाचून दाखवली होती: नंबर, शिपाई, नाव, ११४ मराठाज. तो ११४ हातात नसता तर मी रिकाम्या हाताने परत आले असते, कारण १९२२ मध्ये पलटणींचे नंबर बदलले, ११४ ची दहावी बटालियन झाली, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची. पहिल्या महायुद्धाच्या वॉर डायऱ्या, म्हणजे पलटणींनी रोजच्या रोज लिहिलेल्या नोंदी, डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत, त्याही डिव्हिजन आणि ब्रिगेडप्रमाणे लावलेल्या, म्हणजे आधी १७ वी डिव्हिजन, मग ३४ वी ब्रिगेड, मग आपली पलटण.

छापील फॉर्म, त्यात रकाने: जागा, तारीख, वेळ, काय घडलं. ऑक्टोबर १९१८, टायग्रिसच्या काठी शरकातची लढाई. २३ तारखेला सुरू झाली आणि ३० ला तुर्कांनी तिथे शस्त्रं ठेवली, त्याच दिवशी मुद्रोस या ग्रीक बंदरात तुर्कांशी युद्धबंदीचा करार झाला. म्हणजे आणखी थोडे दिवस निघाले असते तर माणूस घरी आला असता. ३ नोव्हेंबरला दिवाळीची अमावस्या होती, गावात फराळाची गडबड चालू असणार.

पेन्सिलीतलं बारीक अक्षर, घाईत लिहिलेलं, मी बोट न लावता एकेक ओळ वाचत गेले. गोरा अधिकारी पडला की त्याचं आडनाव. आपला शिपाई पडला की तीन अक्षरं, आय.ओ.आर., इंडियन अदर रँक्स, आणि पुढे आकडा. बस. बसऱ्याच्या स्मारकावरही तेच केलं, अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि आपल्या शिपायांची पलटणीप्रमाणे संख्या. आमच्या गावच्या संगमरवरी पाटीवरही इतके गेले, इतके मेले एवढंच आहे, ती पाटी मी लहानपणापासून बघतेय आणि तिथे नावं नाहीत हे मला कधी खटकलंच नव्हतं. त्या टेबलाशी बसून खटकलं. माझ्या आजोबांचे वडील त्या आकड्यातले एक होते, आणि तो आकडा लिहिणाऱ्याने त्या रात्री कुणाची तरी नावं ऐकलीच असणार ना, हजेरी घेतल्याशिवाय आकडा येतो कुठून?

जेवायची वेळ टळून गेली तरी मी तिथेच. फोटो काढले, बाहेर तळ्यापाशी येऊन काकांना फोन लावला.

"नाव सापडलं का गं आबांचं?"

"नाही काका. आकडा आहे. लागोपाठ दोन तारखांना माणसं गेलीयत, त्यातल्या एका दिवशी."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं फोन कट झाला.

"दोन्ही तारखा नीट लिहून आण," ते म्हणाले, "गुरुजींकडून तिथ्या काढून घेतो. दोन्ही दिवशी पान वाढू."