बांधावरचं ते ‘पिल्लू’ बहुतेक पिल्लू नसतंच

नांगरटीच्या वेळी ढेकळांतून सुर्रकन पळालेलं पिटुकलं काहीतरी दिसलं की आपण लगेच म्हणतो उंदराचं पिल्लू, पण बऱ्याचदा तो पूर्ण वाढलेला उंदीर असतो, जातच बारकी. मस नावाच्या वंशातला. (आपला मूषक आणि हा लॅटिन मस एकाच मुळातले शब्द!) या वंशातला घरातला उंदीर सगळ्यांना माहितीय, रानातल्या भावंडांकडे मात्र कुणी नीट बघत नाही आणि सरसकट मारून टाकतात, ते मला खरंच लागतं.

खऱ्या पिल्लाचं, म्हणजे घुशीच्या वगैरे, डोकं आणि मागचे पाय अंगाच्या मानाने फारच मोठे दिसतात. लांब निमुळतं तोंड आणि टिचभर डोळे असतील तर ती चिचुंद्री, ती उंदीर नाहीच.

मग पोट बघा. पाठीच्या रंगावर जाऊ नका, तो फसवतो. शेतातला छोटा उंदीर, मस बुडुगा, याचं पोट पांढरं, शेपटी अंगाएवढी किंवा थोडी कमी, वजन साधारण १० ग्रॅम. घरातल्याचं पोट आपल्याकडे बहुतेक मळकट असतं आणि शेपटी अंगापेक्षा लांब. बुडुगासारखाच दिसणारा मस टेरिकलर पण आहे, हे दोघं नुसत्या नजरेने वेगळे करता येतील असं मी तरी म्हणणार नाही, तिथे क्रोमोसोमच बघावे लागतात.

माझा सगळ्यात लाडका म्हणजे काटेरी उंदीर, मस प्लॅटिथ्रिक्स. १८३२ साली बेनेट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने याचं पहिलं वर्णन केलं तेच मुळी दख्खनमधल्या नमुन्यावरून, म्हणजे हा आपल्याच मातीतला. नावाचा अर्थ चपट्या केसांचा, पाठीवर मऊ लव नसून चपटे राठ काटे असतात, आणि हा बिळात बारीक खडे गोळा करतो, तोंडाशीसुद्धा रचतो, त्यामुळे माळरानावर खड्यांनी बुजवलेलं छोटंसं बीळ दिसलं की मी तिथेच बसकण मारते.

पकडायची गरज नाही, उघड्या हाताने तर नकोच, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती असते. गव्हाणी घुबडाने ओकलेल्या, न पचलेल्या हाडा-केसांच्या गोळ्या मिळाल्या तर ग्लोव्हज घालून त्या भिजवा आणि हलक्या हाताने सोडवा, आत उंदरांच्या अख्ख्या कवट्या निघतात. वरच्या जबड्यातली पहिली दाढ मागच्या दोन्ही दाढा मिळून होतील त्यापेक्षा लांब असेल तर तो मसच.