विनिपेगला निघालेल्या भाचीचे पाच स्वेटर

ताईची धाकटी सप्टेंबरात कॅनडात, विनिपेगला शिकायला चालली आहे. त्यामुळे जुळे सोलापुरातल्या ताईच्या घरी ऐन उकाड्यात स्वेटर विणणं चालू आहे. आत्याचे दोन, शेजारच्या काकूंचा एक, असे करत पाच झालेत, कानटोपी वेगळी. मी २०१२ ते २०१९ तिथे राहिलेली, म्हणून परवा सगळ्यांनी मला मधे बसवलं आणि विचारलं, "मायनस चाळीसमध्ये माणूस जगतो तरी कसा गं?" चहा होईपर्यंत सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे.

पहिली गोष्ट कुणालाच पटत नाही. विनिपेगच्या घरात मला कधी थंडी वाजली नाही. थंडी वाजते ती सोलापुरात, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे शहाबादी फरशीवर अनवाणी पाय पडला की. आपल्याकडे पारा बारा-तेरावर आला की बाहेर जेवढं गार तेवढंच आत. तिथे तळघरात गॅसची भट्टी असते, ती घरभर गरम हवा सोडते, आणि बाहेर काहीही असो, आत वीस-एकवीस. माणसं घरात टी-शर्टवर वावरतात. मला तर विनिपेगचा हिवाळा म्हणजे उलटा केलेला आपला मे महिना वाटायचा. आपण नाही का, बारा ते पाच घराबाहेर पडत नाही, पडलोच तर डोक्याला पंचा, पिशवीत पाण्याची बाटली, कामं सगळी सकाळी उरकायची? सगळं शहर उन्हाच्या हिशेबाने चालतं, कुणी त्यात शौर्य मानत नाही. तसंच तिथे, फक्त नोव्हेंबर ते मार्च. शहराच्या मध्यभागात तर इमारतींना जोडणारे काचेचे पूल आणि जमिनीखालचे रस्ते आहेत, बाहेर पाऊल न टाकता अर्धा बाजार होतो.

आकडे सांगते, कारण भावोजींना आकडे लागतात. जानेवारीत दिवसाचा पारा सरासरी मायनस अकराच्या आसपास, रात्रीचा मायनस एकवीस. हे सरासरी. मायनस तीसच्या खालच्या रात्री दर वर्षी येतातच. पण लोक पारा विचारत नाहीत, विंड चिल विचारतात. अंगाभोवती उबेचा एक पातळ थर असतो, तो वारा उडवून नेतो, मग मायनस पंचवीसचं मायनस चाळीस लागतं. विंड चिल मायनस चाळीसच्या खाली गेला की उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठू शकते. नाकाचा शेंडा, कानाची पाळी, गाल आधी. ३१ डिसेंबर २०१३ ला तर तिथल्या मॅनिटोबा म्युझियमने जाहीर केलं होतं की आज विनिपेग मंगळापेक्षा थंड आहे. क्युरिऑसिटी यानाने मंगळावर नोंदवलेलं कमाल तापमान त्या दिवशीच्या आमच्या तापमानापेक्षा जास्त होतं! ही बातमी मी आईला सांगितली, तर ती म्हणाली, मग या की परत.

मी तिथे एका पाळणाघरात काम करायचे. खरा हिवाळा मी तिथे शिकले. मुलांना रोज बाहेर न्यायचंच, विंड चिल मायनस सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली गेला तरच आत. तीन वर्षांच्या आठ मुलांना बाहेर न्यायचं म्हणजे काय, ते ऐका. आधी सू. मग फुगीर स्नोपँट. मग बूट, कारण जॅकेट घातल्यावर मूल वाकू शकत नाही. मग जॅकेट, गळ्याभोवती नेक वॉर्मर (मफलर नाही, घसरगुंडीत अडकून फास बसतो), टोपी, आणि सगळ्यात शेवटी मिटन. मिटन म्हणजे अंगठा वेगळा आणि चार बोटं एकाच पिशवीत. बोटं एकमेकांना ऊब देतात, म्हणून ते पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा बरे. शेवटी का, तर मिटन चढले की मुलाला चेनसुद्धा लावता येत नाही. आठवं मूल तयार होईपर्यंत पहिलं घामाघूम झालेलं असतं आणि म्हणतं, सू आली. यात अर्धा तास जातो. बाहेर खेळणं वीस मिनिटं. मग आत येऊन सगळं उलट्या क्रमाने. ओले मिटन हीटरपाशी वाळत घालायचे, आणि कुणाचा कोणता हे ओळखायचं. लोखंडी झोपाळ्याला जीभ लावू नका, हे रोज सांगायचं. तरी दर वर्षी एखादा लावतोच. मग कोमट पाणी घेऊन पळायचं.

बाहेर पडल्यावर पहिल्या श्वासाला नाकातले केस गोठतात, आतून चिमटा बसल्यासारखं होतं. श्वासाची वाफ पापण्यांवर बसते आणि पापण्या चिकटतात. बर्फ पायाखाली करकरतो. सगळ्यात फसवं काय, तर खूप थंडीचा दिवस लख्ख उन्हाचा असतो. ढग असतील तर उलट ऊब राहते. कडाक्याच्या सकाळी सूर्याच्या दोन्ही बाजूंना हवेतल्या बर्फाच्या कणांमुळे आणखी दोन तेजाचे ठिपके दिसतात. खिडकीतून ते ऊन बघून वाटतं, जरा पोस्टात जाऊन येऊ. टोपीशिवाय जाऊ नकोस, एवढंच.

गाड्यांचं वेगळंच. प्रत्येक गाडीच्या जाळीतून प्लग लोंबत असतो. इथून आलेले सगळे विचारतात, इथे एवढ्या इलेक्ट्रिक गाड्या? त्या साध्या पेट्रोलच्याच. इंजिनात एक छोटा हीटर बसवलेला असतो, त्याचा तो प्लग, रात्री घराच्या भिंतीतल्या सॉकेटला लावायचा. विसरलात की सकाळी तेल मधासारखं घट्ट, बॅटरी मान टाकलेली. गाडी सुरू झालीच तरी रात्रभर एका जागी उभे राहिलेले टायर खालून चपटे झालेले असतात, पहिली काही मिनिटं आपण बैलगाडीत बसलोय असं वाटतं. डिकीत फावडं, मेणबत्ती, काडेपेटी आणि पांघरूण ठेवायचं, कारण शहराबाहेर गाडी बंद पडली तर गाडीतच बसून राहायचं असतं. आमच्या डिकीत सोलापुरी चादर होती.

चादरीवरून आठवलं. सोलापूरकरणीने असं बोलू नये, चादरीला जीआय मानांकन मिळालंय आणि माझे मामा आयुष्यभर मागावर होते, पण तिथे अंगाला लागून सुती कपडा घालायचा नाही. सुताला घाम मुरतो आणि ओलं सूत अंगावर गार पडतं. आत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर उबेचं काहीतरी, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. म्हणून ताई, पाच स्वेटरांतला एक तिला दे, चार राहू देत. बूट आणि जॅकेट तिने तिथे जाऊनच घ्यावं. नव्या पेठेतलं जॅकेट महाबळेश्वरला चालतं.

थंडीपेक्षा छळतो तो कोरडेपणा. भट्टीची हवा सगळा ओलावा पिऊन टाकते. ओठ फुटतात, झोपेत नाकातून रक्त येतं, दाराच्या कडीला हात लावला की स्थिर विजेचा चटका, नवऱ्याला हात लावला तरी चटका. खोबरेल तेलाची बाटली गोठून दगड होते ती नोव्हेंबरात. फायदा एकच, कडक भाकरी कधी मऊ पडत नाही. आईने पाठवलेली चळत महिनोन्‌महिने तशीच कुरकुरीत राहायची, शेंगाचटणी आणि दह्याबरोबर काम भागायचं. दही मात्र ओट्यावर लागत नाही. ओव्हन चालू न करता त्यातला फक्त दिवा लावायचा आणि विरजलेलं भांडं आत ठेवायचं. हे भाचीने वहीत लिहून घ्यावं.

आणि एक गंमत, ही मात्र फक्त सोलापूरकरालाच कळेल. २०१४ च्या त्या हिवाळ्यात गारठा जमिनीत दोन मीटरपेक्षा खोल उतरला आणि नळाच्या पाईपलाइन गोठल्या. हजारो घरांचं पाणी गेलं. वर ऊन पडायला लागलं तरी गारठा खाली खाली उतरतच होता, म्हणून वसंतातही नळ गोठत राहिले. मग महापालिकेने ज्यांचे नळ गोठण्याची भीती होती त्यांना कळवलं: एक नळ पेन्सिलीएवढ्या धारेने रात्रंदिवस चालू ठेवा. वाहतं पाणी गोठत नाही, आणि त्या पाण्याचं बिल सांभाळून घेऊ. आमच्या घराचंही नाव त्यात होतं. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर लहानाची मोठी झालेली बाई मी. रात्री दोनला नळ वाहतोय हा आवाज ऐकून दचकून उठायचे आणि बंद करायला धावायचे. शेवटी त्या धारेखाली बादली ठेवली, ती भरली की दुसरी. एवढं पाणी भरून करायचं काय, हे नवऱ्याने विचारलं नाही. तोही साखर पेठेतलाच आहे.

डिसेंबरात अंधार साडेचारलाच पडतो, त्याचं मला फार वाटलं नाही, दिव्यांच्या माळा असतात, सण असतात. जीव मेटाकुटीला येतो तो मार्चमध्ये. कॅलेंडरवर वसंत, बाहेर मळका बर्फ, आणि वितळायला लागला की त्याखालून हिवाळाभर रस्त्यावर टाकलेली वाळू आणि कुत्र्यांचा प्रताप. भाचीला फोन करायचाच असेल तर तेव्हा करा, जानेवारीत ती मजेत असेल.

मग एप्रिलमध्ये एक दिवस पारा प्लस पाचवर जातो आणि अख्खं शहर हाफ पँटवर बाहेर येतं. मीही एकदा अशी जॅकेटशिवाय, नुसत्या कुर्त्यावर अंगणात उभी राहून आईला व्हिडिओ कॉल केला. आई किंचाळली, आधी स्वेटर घाल! तिच्या मागे पंखा पाचवर होता आणि तिने पदराने कपाळ पुसत पुसत मला पुढची दहा मिनिटं झापलं.